डीबीएफचे दिवस

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. परतूर तालुका परभणीकडून आला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १२ ऑगस्टला, अमेरिकेत आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. या दोन घटनांचा एकमेकींशी तसा काहीच संबंध नव्हता. पण पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कुंडलिकेकाठच्या या व्यापारी गावातल्या पेढ्या, डाळ मिल, री-रोलिंग मिल, बियाण्यांची गोदामे आणि पतसंस्था यांच्या टेबलावर तो पीसी येऊन बसला. मराठवाड्यातल्या बाकीच्या बाजारपेठांप्रमाणे इथलीही कीर्द-खतावणी त्याच्या पोटात शिरू लागली, तेव्हा तिला सामावून घेणारी फाइल बहुधा एकाच जातकुळीची असे. तिच्या नावाच्या शेवटी ‘डीबीएफ’ ही तीन अक्षरे असत.

डेस्कटॉप डेटाबेसचा हा काळ साधारण १९८५ ते २००७ असा धरता येतो. त्यात कोणते सॉफ्टवेअर चांगले यावर प्रोग्रामर मंडळी हिरिरीने भांडली. डीबेस की फॉक्सबेस, क्लिपर की फॉक्सप्रो, आणि नंतर फॉक्सप्रो की ॲक्सेस? या भांडणात वेगाला महत्त्व होतेच, पण जालन्यासारख्या गावात निकाल लागायचा तो वेगळ्याच कसोट्यांवर. किंमत काय, वीज गेली तर काय होते, पावती मराठीत निघते का, कायदा बदलला तर दुरुस्ती कोण करणार, आणि उद्या प्रोग्रामर गाव सोडून गेला तर आकडे बाहेर काढता येतात का?

या कुळाचा मूळपुरुष डीबेस. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ या अभियंत्याला कार्यालयात लागणाऱ्या फुटबॉलच्या पैजांची आकडेमोड सोपी करायची होती. लॅबच्या मोठ्या संगणकावर जेपीएलडीआयएस नावाची माहिती साठवण्याची प्रणाली होती. तिच्या धर्तीवर १९७८ च्या सुमारास त्याने घरच्या छोट्या संगणकासाठी ‘व्हल्कन’ लिहिले. जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली या दोघा विक्रेत्यांनी ते हेरले आणि ‘ॲश्टन-टेट’ या नावाने ‘डीबेस टू’ म्हणून विकायला काढले. गंमत अशी की ‘डीबेस वन’ कधी नव्हतेच आणि ॲश्टन नावाचा भागीदारही कुणी नव्हता. किंमत होती ६९५ डॉलर. १९८४ मध्ये ‘डीबेस थ्री’ आणि पाठोपाठ ‘थ्री प्लस’ आले. भारतातल्या संगणक क्लासांच्या पाट्यांवर ‘वर्डस्टार, लोटस, डीबेस’ हे त्रिकूट झळकू लागले ते याच सुमारास.

त्याला दिल्लीतल्या एका निर्णयाचाही हातभार होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि संगणक व सुट्या भागांवरचे आयात शुल्क उतरवले. देशी कंपन्यांचे पीसी बाजारात येऊ लागले. मनमाड ते सिकंदराबाद या मीटर गेज मार्गावरच्या जालन्याला रुंद रूळ मिळायला १९९० चे दशक उजाडावे लागले. पण तेव्हाचे औरंगाबाद साठेक किलोमीटरवर होते आणि फ्लॉपी एसटीतूनही येऊ शकत होती.

‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण इथल्या व्यापाराकडे बघूनच पडली. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. महिकोपाठोपाठ इतर बियाणे कंपन्याही इथे वाढल्या. भोकरदन-जाफराबादपासून शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजापर्यंत बीजोत्पादक शेतकऱ्यांचे जाळे पसरले. दुसरीकडे भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. धान्याचा आणि मोसंबीचा मोठा बाजार होताच.

या तिन्ही धंद्यांत हिशेबाची जात वेगळी. अडतीच्या दुकानातली पट्टी घ्या. शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, पोती, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई आणि इतर कपाती, मग हाती द्यायची रक्कम. आकडेमोड सोपी असते, पण हंगामात दिवसभरात शेकडो पट्ट्या फाटतात आणि संध्याकाळी खरेदीदाराकडून येणे किती, शेतकऱ्यांना देणे किती आणि बाजार समितीची फी किती, हे जुळावे लागते. बियाण्यांत प्रत्येक लॉटला क्रमांक असतो. तो कोणत्या शेतकऱ्याच्या शेतातून आला, उगवणशक्ती किती टक्के निघाली, चाचणीची तारीख कोणती, ही सगळी साखळी सांभाळावी लागते, कारण १९६६ च्या बियाणे कायद्याच्या चौकटीत चाचणीपासून नऊ महिनेच पाकिटावरची मुदत चालते. गिरणीत रोजच्या उत्पादनाची नोंद अबकारी खात्याच्या आरजी-वन नोंदवहीत, कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट १९८६ पासून मॉडव्हॅटमध्ये.

याला महागडा सर्व्हर आणि ओरॅकलसारखी भारी प्रणाली लावणे परवडणारे नव्हते. तिथे परवान्याचा खर्च, युनिक्सची जाण आणि तिला सांभाळायला पगारी माणूस, तिन्ही लागत. डीबेससाठी एक पीसी, एक प्रिंटर आणि क्लासमधून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण पुरे होत असे.

हा तरुण जे शिकून आला होता ते थोडक्यात असे. ‘युज’ म्हणजे फाइल उघड, ‘अपेंड’ म्हणजे नवी नोंद घाल, ‘सीक’ म्हणजे शोध, ‘ब्राऊज’ म्हणजे सगळे पसरून दाखव. ठिपक्याच्या प्रॉम्प्टसमोर हे शब्द टाइप केले की उत्तर तत्काळ. कोबोलमध्ये त्याच कामासाठी पानेच्या पाने लिहावी लागत. व्यापारी शेजारी खुर्ची टाकून बसे, ‘पोत्यांचा रकाना आधी घ्या, भाव नंतर’ असे सांगे आणि दुसऱ्या दिवशी तो बदल पडद्यावर दिसे. ग्राहकासमोर बसून प्रोग्राम घडवण्याची ही सोय हा डीबेस घराण्याचा पहिला मोठा गुण.

दुसरा गुण फाइलीतच होता. डीबीएफची रचना कमालीची सरळ. सुरुवातीला ३२ बाइटचा मथळा, त्यात एकूण नोंदी किती आणि एका नोंदीची लांबी किती ते लिहिलेले. मग प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटचे वर्णन. रकान्याचे नाव जास्तीत जास्त दहा अक्षरांचे. त्यानंतर एकसारख्या लांबीच्या नोंदी एकीपुढे एक, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. डॉसच्या ‘टाइप’ आज्ञेने फाइल दाखवली तरी शेतकऱ्यांची नावे पडद्यावरून सरकताना ओळखू येत. नोंद पुसली तरी ती लगेच जात नसे. तिच्या पुढच्या एका जागेत फुली म्हणून चांदणी पडे. ‘रिकॉल’ म्हटले की नोंद परत येई आणि ‘पॅक’ म्हटल्यावरच कायमची जाई. चुकून पुसलेल्या पट्ट्या अशा किती वेळा परत आल्या असतील, याची गणती नाही.

याच मोकळेपणाचा तोटाही होता. फाइलीला कुलूप नाही. ज्याला डॉसची चार अक्षरे येत त्याला पतसंस्थेच्या खात्याची शिल्लक ‘ब्राऊज’ करून बदलता येई आणि मागे खूण राहत नसे. प्रोग्राममध्ये पासवर्ड ठेवला तरी तो दाराला कडी लावून भिंत पाडून ठेवल्यासारखा. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांना म्हणूनच छापील रोजमेळाची थप्पी हवी असायची.

आता किमतीचे. १९८५ च्या सुमारास डॉलर बारा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे ६९५ डॉलरचे डीबेस आठ हजारांच्या वर जाई. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर पंचवीसच्या पुढे गेला आणि तोच आकडा सतरा हजारांपलीकडे पोचला. आयात शुल्क आणि विक्रेत्याचा नफा वेगळा. गिऱ्हाईक पूर्ण प्रोग्रामला पाच-दहा हजार देताना घासाघीस करणारे. परिणाम व्हायचा तोच झाला. देशभरात फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकला फिरल्या. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम उघडली. १० मे १९९५ पासून सुधारित कॉपीराइट कायदा लागू झाला. जाणूनबुजून चोरीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद आणि किमान पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद त्यात आली. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट पडते, हे गृहीतच तेव्हापासून धोक्याचे झाले.

इथेच क्लिपरचे पारडे जड व्हायचे. १९८५ मध्ये नँटकेट कंपनीने आणलेले क्लिपर डीबेसचीच भाषा समजे, पण प्रोग्रामचे भाषांतर करून स्वतंत्र ‘ईएक्सई’ बनवून देई. डीबेसचा प्रोग्राम चालवायला प्रत्येक गिऱ्हाइकाकडे डीबेस लागे. क्लिपरची मात्र एकच प्रत प्रोग्रामरकडे असली की बनवलेली ईएक्सई कितीही दुकानांत नेता येई, वर रॉयल्टी नाही. शिवाय मूळ कोड गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे. प्रोग्रामरच्या दृष्टीने हा मोठाच लाभ, कारण एकदा कोड हाती आला की वर्षाच्या देखभालीचे पैसे बुडत. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र हाच धोका होता. प्रोग्रामर पुण्याला नोकरीला गेला की ईएक्सई जशीच्या तशी राही आणि नवा कर बसवायला कुणी नसे.

फॉक्सबेसची बाजू वेगाची. ओहायो राज्यातल्या डेव्हिड फुल्टन यांच्या फॉक्स सॉफ्टवेअरने १९८४ मध्ये ते काढले. डीबेसचे प्रोग्राम जसेच्या तसे चालत, कित्येक पट जलद आणि कमी किमतीत. झेनिक्स-युनिक्सवरही ते मिळे. त्यामुळे एका यंत्राला चार टर्मिनल जोडून काउंटरवर काम करणे शक्य झाले. तिघांची डीबीएफ एकच, पण शोधासाठी लागणारी इंडेक्सची फाइल प्रत्येकाची वेगळी: डीबेसची एनडीएक्स, क्लिपरची एनटीएक्स, फॉक्सची आयडीएक्स आणि पुढे सीडीएक्स. पक्ष बदलला तरी आकडे तेच राहत. फक्त इंडेक्स पुन्हा बांधायचा.

इंडेक्स पुन्हा बांधण्याचे प्रसंग मराठवाड्यात कमी नव्हते, कारण वीज. नोंद फाइलीत लिहिली गेली आहे, पण मथळ्यातली नोंदींची संख्या अजून बदललेली नाही, नेमक्या त्या क्षणी दिवे गेले तर फाइलीचे दोन भाग एकमेकांशी खोटे बोलू लागतात. पुन्हा सुरू केल्यावर फॉक्सबेसचा पुढचा अवतार फॉक्सप्रो ‘ही डेटाबेस फाइल नाही’ असे इंग्रजीत सांगून मोकळा होई. किंवा फाइल उघडे, पण इंडेक्स बिघडलेला असल्याने समोर असलेला शेतकरी शोधात सापडत नसे. त्यामुळे अनुभवी प्रोग्रामर मेनूमध्ये ‘रीइंडेक्स’ची ओळ हमखास ठेवत आणि मालकाला संगणकाच्या आधी यूपीएस घ्यायला लावत. मोठ्या प्रणालींमध्ये अशा वेळी अर्धवट व्यवहार मागे घेण्याची सोय असते. डॉसमधल्या फॉक्सप्रोत ती नव्हती. २००० नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत ही उणीव ग्रामीण महाराष्ट्रात रोज सोसावी लागली.

दुसरी अडचण एकाहून अधिक माणसे एकाच वेळी काम करू लागली की सुरू होई. नॉव्हेलचे जाळे, गोल तारेची एकच वायर सगळ्या यंत्रांतून फिरलेली, शेवटाला टर्मिनेटर. तो सैल झाला की सगळे नोड एकदम बंद. वायर शाबूत असली तरी डेस्कटॉप डेटाबेसची रीत अशी की सर्व्हर नुसता फाइल ठेवणार. शोधायचे काम प्रत्येक नोडने स्वतः करायचे आणि त्यासाठी इंडेक्सचे तुकडे तारेवरून ओढायचे. चार नोडपर्यंत ठीक, पंधरावर जीव मेटाकुटीला. शिवाय दोन कारकुनांनी एकच नोंद एकदम उघडली तर कुणाचा बदल टिकणार, हे प्रोग्रामरने कुलूप घालण्याच्या आज्ञा वापरून स्वतःच ठरवायचे. विसरला तर आकडे हरवणार.

या सगळ्यात मराठीचा प्रश्न सुटला तो पुण्यात. आयआयटी कानपूरला देवनागरी टर्मिनलवर जे काम सुरू झाले होते त्यातून मोहन तांबे यांच्या जिस्ट तंत्राचा विकास झाला, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते कार्डाच्या रूपात बाजारात आणले. पीसीच्या पोटात हे कार्ड बसवले की डीबेस, लोटस, वर्डस्टार अशा इंग्रजीसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरला मराठी येऊ लागे आणि त्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसे. युक्ती अशी होती. इंग्रजी अक्षरे पहिल्या १२८ संकेतांत मावतात. वरचे १२८ मोकळे. तिथे भारतीय लिपी बसवायच्या. या संकेतांचे इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केले.

इस्कीत ‘जालना’ हा शब्द पाच बाइटमध्ये बसतो. आजच्या यूटीएफ-८ युनिकोडमध्ये त्याला पंधरा लागतात. ठरावीक लांबीच्या रकान्यांच्या डीबीएफमध्ये ही काटकसर मोलाची. संकेत वर्णमालेच्या क्रमाने असल्यामुळे इंडेक्स केला की नावे आपोआप मराठी क्रमाने लागत. कार्डाची किंमत मात्र वेगळी मोजावी लागे आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मराठी ओळ चित्रासारखी छापत असल्याने सावकाश कुरकुरत चाले. बरेच व्यापारी म्हणून ‘आरएओ’, ‘पीएटीआयएल’ अशा रोमन अक्षरांतल्या नावांवरच समाधान मानत.

विंडोज आल्यावर या बाबतीत उलट पाऊल पडले. कार्डाची जागा फॉन्टनी घेतली. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी निराळी आणि अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली. ‘किशोर’मधली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते म्हणून फाइलीतही आधी. मग क्रम लावताना किशोर कमलच्या जवळपासही येईना. फॉन्टचे नाव माहीत नसेल तर फाइल उघडल्यावर निव्वळ चिन्हांचा चिवडा.

सरकारी दप्तरांची वाट याला समांतर गेली. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, १९८० च्या दशकाच्या अखेरीस जिल्हा मुख्यालये निकनेटने उपग्रहाद्वारे जोडायला घेतली. १९८८-८९ मध्ये केंद्राने जमिनींच्या नोंदी संगणकावर घेण्याचा पथदर्शी प्रकल्प देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. जालना जिल्ह्यातल्या साडेनऊशेहून अधिक गावांचे सातबारे पुढे त्याच वाटेने संगणकावर आले. एका तंत्रातून दुसऱ्या तंत्रात आणि कागदावरून पडद्यावर जाताना नोंदी किती चुकतात, हे राज्याला कळून चुकले. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेऊन हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा ताडून पाहावा लागला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

तिकडे अमेरिकेत डीबेसच्या घरात यादवी माजली होती. १९८८ चे ‘डीबेस फोर’ चुकांनी भरलेले निघाले. त्याच वर्षी ॲश्टन-टेटने फॉक्सवर स्वामित्वहक्काचा दावा ठोकला. डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीश टेरी हॅटर यांनी उलटा निकाल दिला. डीबेस हे सरकारी पैशातून झालेल्या जेपीएलडीआयएसवर बेतलेले आहे हे कंपनीने लपवले, म्हणून तिचाच हक्क रद्द. काही महिन्यांत तो निर्णय मागे घेतला गेला, पण कंपनीची रया गेली आणि १९९१ मध्ये बोरलँडने तिला विकत घेतले. त्याच वर्षी फॉक्सप्रो २.० आले, ‘रशमोर’ या नव्या शोधतंत्रासह. एका शेतकऱ्याची हंगामभराची आवक लाखभर नोंदींतून काढायला चहा होईपर्यंत थांबावे लागे. आता उत्तर बोट उचलायच्या आत येऊ लागले. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स १७.३ कोटी डॉलरना विकत घेतले आणि त्याच नोव्हेंबरात स्वतःचे ॲक्सेस १.० बाजारात उतरवले. ४९५ डॉलरची वस्तू सुरुवातीला ९९ डॉलरना.

ॲक्सेसने प्रोग्रामरांपुढे नवा हिशेब मांडला. सगळी कोष्टके, फॉर्म, रिपोर्ट एकाच एमडीबी फाइलीत. उंदराने ओढून फॉर्म बनतो. खातेच नसलेल्या शेतकऱ्याच्या नावे पट्टी घातली तर डेटाबेसच अडवतो. डीबीएफमध्ये ही राखण प्रोग्रामरला हाताने करावी लागे. पण सगळी अंडी एका टोपलीत. एमडीबी बिघडली की एकदम सगळेच अडकते. पहिल्या आवृत्तीची मर्यादा १२८ एमबी होती, ती पुढे वाढत २ जीबीवर थांबली. आणि विंडोज चालवायला जी मेमरी लागे ती असलेले यंत्र तेव्हा तालुक्याच्या गावी क्वचित. व्हिज्युअल बेसिकच्या जोडीने ॲक्सेस रुळले ते १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. वजनकाट्याचा आकडा सिरियल पोर्टमधून थेट फॉर्मवर घेणे त्या जोडीला सोपे जाई, आणि जिथे माल टनावर विकला जातो तिथे याला किंमत होती.

डॉसवाले तरीही हटले नाहीत. त्यांचे म्हणणे व्यवहारी होते. काउंटरवरचा कारकून माऊसला हात न लावता आकड्यांच्या कीपॅडवर पट्टी पाडतो, एंटर दाबताच डॉट मॅट्रिक्स तीन कार्बनसह ती ओकतो. विंडोजमध्ये तेच करायला दुप्पट वेळ.

१९९९ साली वाय-टू-केची धास्ती पसरली, तेव्हा डीबीएफवाल्यांना थोडा दिलासा मिळाला. तारखेचा रकाना फाइलीत आठ अंकी साठवला जाई, वर्ष पूर्ण चार आकडी. अडचण पडद्यावर दोन अंकी वर्ष घेणाऱ्या प्रोग्रामची आणि तारीख साध्या अक्षरांत लिहून ठेवणाऱ्या आळशांची होती. पहिल्यांना ‘सेट सेंच्युरी’सारख्या एखाद्या आज्ञेने भागले. दुसऱ्यांना फाइली बदलाव्या लागल्या. खरा विचित्र बिघाड त्याआधीच दिसला होता. यंत्रे तीनशे मेगाहर्ट्झच्या पुढे गेल्यावर फॉक्सप्रो २.६ सुरू होतानाच ‘शून्याने भागाकार’ अशी चूक दाखवू लागला, कारण त्याच्या आतला वेग मोजणारा तुकडा इतक्या जलद यंत्रासाठी लिहिलेलाच नव्हता. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी ठिगळ द्यावे लागले.

घरगुती प्रोग्रामांची खरी परीक्षा कायद्याने घेतली. १ सप्टेंबर १९९७ पासून री-रोलिंग मिल आणि इंडक्शन भट्ट्यांवर उत्पादनाऐवजी क्षमतेवर अबकारी कर बसला. ती पद्धत मार्च २००० मध्ये संपली. दोन्ही वेळा हिशेबाची पद्धत उलटीपालटी झाली. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, म्हणजे मोसंबीच्या पट्टीचा साचाच बदलला. १ जुलै २०१७ ला जीएसटी. प्रत्येक वेळी गावातल्या प्रोग्रामरला फोन जाई. जो उचलायला होता त्याचे सॉफ्टवेअर टिकले.

टॅलीने बाजी मारली ती याच ठिकाणी. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचा मुलगा भारत यांनी १९८६ मध्ये बंगळूरला सुरू केलेल्या प्यूट्रॉनिक्स कंपनीचे हे उत्पादन. त्याची फाइल डीबीएफसारखी उघडी नव्हती आणि पट्टीचा साचा प्रत्येक अडत्याच्या मर्जीनुसार वळतही नसे. पण कायदा बदलला की नवी आवृत्ती येई आणि ती चालवणारा मुनीम कुठल्याही गावात मिळे. हिशेबाचा भाग टॅलीकडे गेला. लॉट, काटा, पट्टी असे धंद्याचे खास भाग फॉक्सप्रो किंवा व्हीबीकडे राहिले. कित्येक ठिकाणी ही विभागणी वर्षानुवर्षे चालली.

फॉक्सप्रोचे पुढचे रूप व्हिज्युअल फॉक्सप्रो १९९५ मध्ये आले, व्यवहार मागे घेण्याची सोय घेऊन. मात्र नव्या डेटाबेसमध्ये बांधलेली डीबीएफ जुन्या फॉक्सप्रोला उघडेना, त्यामुळे मोकळेपणाला पहिली चीर पडली. नववी आवृत्ती डिसेंबर २००४ ची. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दहावी निघणार नसल्याचे सांगितले. स्पॅनिश भाषक प्रोग्रामरांनी जगभर सह्यांची मोहीम काढली, पण कंपनी बधली नाही. जानेवारी २०१५ मध्ये आधारही संपला. डॉसच्या प्रोग्रामांना त्याआधीच दुसऱ्या बाजूने घेरले होते. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा फॉक्सप्रो किंवा क्लिपर सुरूच होत नाही, आणि ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचाही आधार गेला. काहींनी डॉसबॉक्सचा आसरा घेतला, काहींनी क्लिपरची भाषा ओळखणारे मुक्त ‘हार्बर’ धरले, बाकीच्यांनी आकडे सर्व्हरवर हलवले.

चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर ॲश्टन-टेट, नँटकेट आणि फॉक्स या तिन्ही कंपन्या राहिल्या नाहीत. डीबीएफ मात्र आजही लिबरऑफिसमध्ये उघडते आणि नकाशांच्या शेपफाइलमध्ये माहितीचे कोष्टक म्हणून ती अजून नांदते आहे. वेग, फॉर्म, किंमत यांवर झालेल्या वादांत ज्या गुणाची चर्चा सर्वांत कमी झाली, तो उघड्या रचनेचा गुणच शेवटी सर्वांत स्वस्त पडला.

त्याचा उपयोग अजून करून घेता येईल. जालन्यातच काय, राज्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत पोटमाळ्यावरच्या जुन्या यंत्रांत दोन-तीन दशकांचे भाव, आवक, लॉट आणि पट्ट्या पडून असण्याची शक्यता आहे. इतक्या बारीक तपशिलाची शेतमालाची नोंद दुसरीकडे मिळणे कठीण. ज्यांच्याकडे असे यंत्र असेल त्यांनी ते भंगारात घालण्याआधी त्यातल्या डीबीएफ फाइलींची प्रत काढावी, मराठी मजकूर कोणत्या फॉन्टचा किंवा इस्कीतला आहे ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे, एक प्रत युनिकोडमध्ये उतरवून घ्यावी, आणि खातेदारांची नावे झाकून ती जवळच्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र किंवा कृषी विभागाकडे द्यावी.